कंपन्यांचे तिमाही निकाल आणि समभागांचे भाव : अर्थग्रहणाचा एक प्रश्न

मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर वर्षातून चार वेळा, तिमाही निकालांच्या हंगामात, एकाच घडणीचे मथळे वाचावयास मिळतात. 'नफ्यात वाढ, तरीही समभाग घसरला' किंवा 'तोटा होऊनही समभागाची उसळी' असे त्यांचे साधारण रूप असते. या मथळ्यांतील 'तरीही' आणि 'होऊनही' ही पदे विचार करण्याजोगी आहेत. 'जरी–तरी' या जोडीला मराठी व्याकरणात संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांत स्थान दिलेले आहे. परंतु तिचे कार्य दोन वाक्ये जोडण्यापुरते मर्यादित नाही. पहिल्या वाक्यातील गोष्ट घडली असता दुसऱ्या वाक्यातील गोष्ट सहसा घडू नये, असे एक गृहीत ती न बोलता मांडते. 'पाऊस पडत होता, तरी तो गेला' असे म्हणणारा मनुष्य, पावसात माणसे सहसा बाहेर पडत नाहीत, हेही सांगत असतो. त्याच न्यायाने वरील मथळ्यात 'नफा वाढला म्हणजे भाव वाढला पाहिजे' हे गृहीत आहे. हे गृहीत बाजाराचे नव्हे, मथळा लिहिणाराचे आहे. आणि त्यावर भिस्त ठेवून निकालाच्या दिवशी समभागांची खरेदी-विक्री करणारांना त्याची किंमत रोख मोजावी लागते.

सेबीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या प्रत्येक कंपनीस तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत, व वर्षअखेरचा लेखापरीक्षित हिशेब असल्यास ६० दिवसांच्या आत, आपले निकाल जाहीर करावे लागतात. संचालक मंडळाच्या बैठकीची तारीख आगाऊ कळविलेली असते. त्यामुळे निकाल कोणत्या दिवशी येणार, हे सर्वांस ठाऊक असते. काय येणार, याविषयी दलाली संस्थांचे विश्लेषक आपापले अंदाज आधीच प्रसिद्ध करतात, आणि त्या अंदाजांची सरासरी हीच बाजाराची अपेक्षा मानली जाते. अल्पकालीन व्यवहार करणारा मनुष्य याच दिवसाची वाट पाहत असतो. त्याला कंपनीत भागीदार म्हणून राहावयाचे नसते; काही तासांत वा दोन-चार दिवसांत भावात पडणारा फरक पदरात पाडून घेणे, एवढाच त्याचा हेतू असतो. सकाळी घेऊन दुपारी विकणे, या प्रकारास बाजारात 'इंट्राडे' म्हणतात.

अशा मनुष्याची पहिली फसगत कोठे होते, हे इन्फोसिस या कंपनीच्या तीन एप्रिल महिन्यांवरून चांगले स्पष्ट होते. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बेंगळुरूस गेलेली ही कंपनी दर वर्षी एप्रिलमध्ये वार्षिक निकालाबरोबरच पुढील वर्षाच्या वाढीचा आपला अंदाजही सांगते. बाजारात त्याला 'गायडन्स' हाच शब्द रूढ आहे. १० एप्रिल २००३ रोजी कंपनीने जाहीर केलेल्या हिशेबात विक्री आणि नफा हे दोन्ही आदल्या वर्षापेक्षा वाढलेले होते. परंतु नव्या वर्षाचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेहून बराच खाली होता. एका दिवसात समभाग सुमारे २७ टक्के कोसळला. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल २०१३ रोजी, तिमाहीचा नफा सुमारे ३ टक्क्यांनी वाढून २,३९४ कोटी रुपये झाल्याचे कंपनीने सांगितले. त्याच वेळी पुढील वर्षी डॉलरमधील उत्पन्न ६ ते १० टक्के वाढेल, असा अंदाज तिने दिला. नॅसकॉम या उद्योगसंघटनेने एकंदर निर्यातीच्या वाढीचा अंदाज १२ ते १४ टक्के असा वर्तविला होता. म्हणजे या क्षेत्रातील एक अग्रगण्य कंपनीच आपण क्षेत्राच्या सरासरीमागे राहू, असे म्हणत होती. त्या दिवशी घसरण सुमारे २१ टक्के झाली. पुढे १३ एप्रिल २०२३ रोजी तिमाहीचा नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी वाढून ६,१२८ कोटी झाला. पण या खेपेस तिमाहीचे आकडे विश्लेषकांच्या अंदाजाहून कमी होते, आणि संपलेल्या वर्षी १५ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढलेल्या कंपनीने नव्या वर्षासाठी ४ ते ७ टक्के एवढीच वाढ सांगितली. १७ एप्रिलला समभाग सुमारे ९ टक्के खाली बंद झाला.

तिन्ही वेळा 'नफा वाढला' हे विधान सत्य होते. तिन्ही वेळा त्या विधानावर विसंबून समभाग घेणारा बुडाला.

याचे कारण भाव या वस्तूच्या स्वरूपात आहे. समभागाचा आजचा भाव म्हणजे कंपनी पुढे अनेक वर्षे जो नफा मिळवील असे लोकांस वाटते, त्याचे आजचे मोल. संपलेल्या तीन महिन्यांचा नफा हा त्या दीर्घ मालिकेतील एक लहानसा दुवा होय. शिवाय तो साधारण किती असेल, हे आधीच हिशेबात धरले गेलेले असते. उलट वाढीचा वेग कमी होणार, असे कळले की पुढील साऱ्याच दुव्यांचा आकार बदलतो. नफ्यात ३ टक्के भर पडली असता भावातून २१ टक्के वजा होणे, हे या दृष्टीने विपरीत नाही. परीक्षेच्या निकालाचे उदाहरण येथे अगदीच गैरलागू नाही. शाळेत नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाला ८० टक्के गुण मिळाले तर घरात सुतकी शांतता पसरते, आणि नापास होण्याच्या काठावर असलेल्या शेजारच्या मुलाला ५० मिळाले तर तेथे पेढे वाटले जातात. गुणांची तुलना केली तर हे न्याय्य वाटणार नाही. अपेक्षेशी तुलना केली म्हणजे दोन्ही घरांचे वागणे समजते.

भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. वाक्यातील ज्ञात भाग आणि नवा भाग यांचा विवेक प्राग संप्रदायाच्या व्हिलेम माथेसिउस याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला, आणि १९४८ साली क्लॉड शॅननने संदेशातील माहितीचे माप त्याच्या अनपेक्षितपणावर बसविले : जे येणार हे निश्चित होते ते आले, तर त्यातून मिळालेली माहिती शून्य. परंतु हा विचार आपल्याकडे मीमांसकांनी फार पूर्वी, आणि वेगळ्या कारणासाठी, मोठ्या काटेकोरपणे केलेला आहे. त्यांच्या परिभाषेत जे अन्य कोणत्याही साधनाने प्राप्त झालेले नाही ते सांगतो तो विधी, आणि जे आधीच प्राप्त आहे त्याची पुनरुक्ती करतो तो अनुवाद. (भाषांतर हा या शब्दाचा आजचा मराठी अर्थ येथे बाजूस ठेवावा.) त्यांचे नेहमीचे उदाहरण दह्याच्या होमाचे आहे. होम करावा, हे दुसऱ्या वाक्याने आधीच सांगितलेले आहे. म्हणून 'दह्याने होम करावा' या वाक्यात होम हा अनुवाद ठरतो आणि वाक्याचा सारा भार 'दह्याने' या एका पदावर येतो. वाक्यात क्रियापद होमाचे आहे, व्याकरणाच्या दृष्टीने तेच मुख्य आहे. तरी तात्पर्य दह्यात आहे.

कंपनीचा निकाल वाचताना नेमके हेच करावे लागते. २०१३ च्या त्या निकालात नफ्याची वाढ हा होम होता. ६ ते १० हा आकडा दही होता. ठळक अक्षरांत छापला जातो तो बहुधा अनुवादाचा भाग असतो, आणि विधी कोठे तरी चौथ्या परिच्छेदात किंवा निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी जे संभाषण करते त्यातील एखाद्या उत्तरात दडलेला असतो. एखाद्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, आदल्या तिमाहीत वापरलेले 'दमदार' हे विशेषण या वेळी गळले, तरी बाजार त्याची नोंद घेतो. न उच्चारलेल्या गोष्टीतून अर्थ काढण्याची ही क्रिया ग्राइसने १९७५ साली वर्णिलेल्या सूचितार्थाहून भिन्न नाही.

बाजार आधीच किती जाणून असतो, याचे मोजमाप रे बॉल आणि फिलिप ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या बाजारातील २६१ कंपन्यांचे १९५७ ते १९६५ या वर्षांतील हिशेब त्यांनी तपासले. ज्या कंपन्यांचा वार्षिक नफा अपेक्षेहून अधिक निघाला त्यांचे भाव निकालाच्या आधी कित्येक महिने चढत आलेले होते, आणि ज्यांचा कमी निघाला त्यांचे उतरत आलेले होते. वार्षिक हिशेबात असलेल्या उपयुक्त माहितीपैकी ८५ ते ९० टक्के भाग तिमाही अहवाल, लाभांशाच्या घोषणा, वृत्ते अशा अधिक त्वरित मार्गांनी बाजारास अगोदरच पोचलेला असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकालाच्या दिवसासाठी उरते ते १०–१५ टक्के. त्या उरलेल्या भागावरच एका दिवसाचा सारा गोंधळ चालतो.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती मराठी वाचकाला विशेष जाणवणारी आहे. इंग्रजी निकालपत्रातील निरनिराळ्या संज्ञांसाठी मराठीत एकच शब्द सैलपणे वापरला जातो. 'उत्पन्न' हा शब्द कधी एकूण विक्रीसाठी येतो, कधी व्याजादी इतर प्राप्तीसाठी, तर कधी चक्क निव्वळ नफ्यासाठी. 'नफा' म्हणजे कर देण्यापूर्वीचा की नंतरचा, एकट्या कंपनीचा की उपकंपन्यांसह एकत्रित, आदल्या तिमाहीच्या तुलनेत वाढलेला की गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत, हे मथळ्यात सांगितलेले नसते. पंख्यांच्या कारखान्याची उन्हाळी विक्री हिवाळ्याशी ताडून पाहिली तर कोणतीही कंपनी भरभराटीस आलेली दिसेल.

एचडीएफसी बँकेचा जानेवारी २०२४ मधील निकाल हे याचे उत्तम उदाहरण होय. १६ जानेवारीस बँकेने तिमाहीचा निव्वळ नफा १६,३७२ कोटी रुपये, म्हणजे वर्षापूर्वीच्या तिमाहीपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक, असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी समभाग ८ टक्क्यांहून अधिक घसरला. मध्यंतरी, १ जुलै २०२३ पासून, एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी मूळ संस्था बँकेत विलीन झालेली होती. वर्षापूर्वीचा आकडा विलीनीकरणापूर्वीच्या बँकेचा, आणि नवा आकडा दोहोंच्या बेरजेचा. दोन वाक्यांत कर्ता एकाच नावाचा असला तरी तो एकच नव्हता. ज्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली त्यांचे लक्ष ३३ टक्क्यांवर नव्हतेच. ठेवी कर्जांच्या मानाने सावकाश वाढत आहेत आणि व्याजातील नफ्याचे प्रमाण सुधारत नाही, याकडे होते.

शब्दांवरून निकालाचा सूर ओळखण्याचे काम अलीकडे यंत्रे करू लागली आहेत, आणि त्यांच्याही हातून प्रारंभी एक बोधप्रद चूक घडली. सर्वसाधारण इंग्रजीसाठी तयार केलेली प्रतिकूल शब्दांची यादी घेऊन अहवालातील असे शब्द मोजावयाचे, ही पद्धत प्रचारात होती. टिम लॉफ्रन आणि बिल मॅकडोनल्ड यांनी १९९४ ते २००८ या काळातील अमेरिकन कंपन्यांचे वार्षिक अहवाल तपासून २०११ साली दाखवून दिले की, त्या यादीप्रमाणे प्रतिकूल ठरणाऱ्या शब्दांच्या आढळापैकी सुमारे तीन चतुर्थांश शब्द अर्थव्यवहाराच्या संदर्भात प्रतिकूल नसतातच. कर, खर्च, दायित्व हे हिशेबाचे रोजचे शब्द होत. त्यांत वाईट काही नाही. 'क्रूड' हा इंग्रजी शब्द एरवी असभ्य वा ओबडधोबड या अर्थाचा, पण तेल कंपनीच्या अहवालात तो केवळ कच्च्या तेलाचे नाव आहे. आणि औषध कंपनीने कर्करोगाचा उल्लेख पन्नास वेळा केला तर तो तिच्या मालाचा उल्लेख असतो. शब्दार्थ संदर्भावाचून ठरत नाही, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षातील सूत्र येथे पैशांत मोजले गेले, एवढेच.

अर्थात वाचन कितीही कुशल असले तरी मजकूर खोटा असेल तर इलाज नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटी म्हणून दाखविलेला परिचालन नफा वस्तुतः ६१ कोटी होता, आणि ताळेबंदातील ५,०४० कोटींची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. त्या एका दिवसात समभागाने आपल्या मोलाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग गमावला. तोवर ज्यांनी तिचे निकाल बारकाईने वाचून अपेक्षेशी ताडले होते त्यांचे श्रम, विधी–अनुवादाचा विवेक धरूनही, वायाच गेले होते.

आता असे समजू की निकाल खरा आहे आणि वाचणाराने त्यातील नवा अंश बिनचूक ओळखला आहे. तरीही त्याला तो वेळेवर ओळखता आला पाहिजे. इन्फोसिसचा २०२३ चा निकाल गुरुवारी सायंकाळी, बाजार बंद झाल्यावर आला. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीच्या ठेवपावत्यांचा व्यवहार चालू होता आणि त्या घसरल्याही होत्या. सोमवारी सकाळी मुंबईचा बाजार उघडला तो खालच्या भावानेच. भाव अमुक पातळीस आला की आपोआप विक्री व्हावी, अशी सूचना पुष्कळजण दलालाकडे देऊन ठेवतात. तिला 'स्टॉपलॉस' म्हणतात. परंतु भाव पायरी-पायरीने न उतरता एकदम खालच्या मजल्यावर उघडला, तर मधल्या पायऱ्यांवर ठेवलेल्या सूचनेचा उपयोग होत नाही. विक्री होते ती खालच्या भावाला. निकाल बाजार चालू असताना आला तर यंत्रे तो सेकंदाच्या आत वाचून सौदे करतात. दूरध्वनीच्या पडद्यावर मथळा वाचून बोट उचलणारा मनुष्य या शर्यतीत मुळात धावतच नसतो.

परिणामांची नोंद सेबीनेच केलेली आहे. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीप्रमाणे २०२२–२३ या वर्षात समभागांचे इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. वर्षभरात ५०० हून अधिक सौदे करणारांत हे प्रमाण ८० टक्के होते. तोटा झालेल्यांनी व्यवहारातील तोट्याच्या ५७ टक्के एवढी आणखी रक्कम दलाली, कर इत्यादी खर्चापायी घालविली. वायदे आणि पर्याय यांच्या व्यवहारात चित्र याहून कठोर आहे : सप्टेंबर २०२४ च्या अहवालात २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचे व एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे नमूद आहे. इंट्राडे व्यवहार करणारांत तिशीच्या आतील व्यक्तींचा वाटा २०१८–१९ मध्ये १८ टक्के होता, तो २०२२–२३ मध्ये ४८ टक्क्यांवर गेला, आणि याच वयोगटात तोटा होणारांचे प्रमाण सरासरीहून अधिक, ७६ टक्के, आढळले. विद्यापीठांच्या वसतिगृहांतून राहणारा वर्ग याच वयाचा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

नवी वार्ता ज्ञात केव्हा होते, हा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कायद्याने त्याचे एक उत्तर दिले आहे. कंपनीच्या आतल्या माणसांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास उलटेपर्यंत आपल्या कंपनीच्या समभागांचा व्यवहार करता येत नाही. म्हणजे वार्ता सर्वांच्या मालकीची होण्यास दोन दिवस लागतात, असे कायदा मानतो. यंत्रांना एक सेकंद पुरतो. आणि व्हिक्टर बर्नार्ड व जेकब थॉमस यांनी १९८९ साली अमेरिकन बाजाराविषयी दाखविले की, अपेक्षेहून चांगल्या वा वाईट निकालानंतर भाव त्याच दिशेने पुढे सुमारे ६० व्यवहाराच्या दिवसांपर्यंत सरकत राहतो. बॉल आणि ब्राउन यांनाही या सरकण्याची चाहूल लागली होती. एका दिवसात सौदा संपविणाराच्या पदरी हा लाभ पडत नाही. आणि हे सरकणे लहान कंपन्यांत अधिक दिसते, जेथे गिऱ्हाईक कमी व खरेदी–विक्रीच्या भावांतील अंतर मोठे असते. पुढील वर्षीच्या लेखात त्याच दोघांनी त्याहून कुतूहलाची गोष्ट नोंदविली : उशिरा होणाऱ्या या हालचालीचा मोठा भाग पुढचा तिमाही निकाल जाहीर होण्याच्या आसपासच्या तीन दिवसांत घडून येतो. आधीच्या निकालात पुढच्या निकालाविषयी जे सुचविलेले होते, ते बाजाराला पुढचा निकाल ऐकल्यावरच कळते.